चिनी वृत्तपत्रे व चीन-अमेरिका राजनैतिक संबंध

चीनमधील पक्षीय व सरकारी वृत्तपत्रांतून अमेरिकेबरोबरच्या राजनैतिक संबंधांविषयी होणारे भाष्य. यात प्रमुख स्थान चिनी साम्यवादी पक्षाचे मुखपत्र ‘रन्मिन रिबाओ’ (लोकदैनिक, स्थापना १९४८) व शिन्ह्वा वृत्तसंस्था यांचे. हे भाष्य संपादकाचे मत म्हणून वाचल्यास फसगत होते. मजकूर कोणत्या पानावर, कोणत्या नावाने आणि कोणत्या दर्जाच्या लेखात आला, हे त्यातील युक्तिवादाइतकेच पाहावे लागते.

अमेरिकेचे चिनी नाव ‘मेइगुओ’, शब्दशः ‘सुंदर देश’. मात्र हे ‘अमेरिका’ या नावातील ‘मे’चे ध्वन्यनुकरण आहे, त्यावरून स्नेहभावाचे अनुमान काढणे योग्य नव्हे. साम्यवादी लेखनात दीर्घकाळ रूढ असलेला ‘मेइ-दी’ (अमेरिकी साम्राज्यवाद) हा संक्षेप वापरला वा गाळला जाणे, हे मात्र संबंधांच्या चढउताराचे बरेच विश्वसनीय माप ठरते.

साम्यवादी सत्तेपूर्वीची खाजगी वृत्तपत्रे वेगळ्या परंपरेतील होती. अमेरिकेतील चिनी-प्रवेशबंदी कायद्याच्या (१८८२) निषेधार्थ १९०५ मध्ये अमेरिकी मालावर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी त्याची बाजू घेतली; त्यन्जिनच्या ‘दागोंगबाओ’वर त्यापायी तिथला प्रांताधिकारी युआन शि-खाय याने बंदीही घातली.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ५ ऑगस्ट १९४९ रोजी चीनविषयक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. तिला उत्तर देणारे माओ त्से-तुंगचे लेख शिन्ह्वाने स्वाक्षरीविना प्रसृत केले. अमेरिकी राजदूत लेटन स्ट्यूअर्ट याला उद्देशून लिहिलेला उपरोधिक निरोपाचा लेख (१८ ऑगस्ट) त्यांतलाच. राष्ट्रनेत्याने निनावी टीकाकार व्हावे, ही प्रथा पुढच्या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे. कोरियन युद्धाच्या वेळी उभय देशांत राजनैतिक संबंध नव्हते. अमेरिकी सैन्याने उत्तर व दक्षिण कोरियामधील ३८ वी अक्षांशरेषा ओलांडल्यास चीन स्वस्थ बसणार नाही, हा इशारा चीनचा पंतप्रधान चौ एन-लाय याने ऑक्टोबर १९५० मध्ये भारतीय राजदूत का. मा. पणिक्कर यांच्यामार्फत दिला. वॉशिंग्टनने तो गांभीर्याने घेतला नाही. पुढे १९५५ पासून राजदूत पातळीवरील बैठका, प्रथम जिनिव्हात व नंतर वॉर्सात, चालू राहिल्या. पण त्यांच्या जोडीला वृत्तपत्र हेच मोठे साधन उरले.

लेखांच्या दर्जाची उतरंड : ‘अग्रलेख’ सर्वांत अधिकृत, त्याखाली ‘आमचा भाष्यकार’ या नावाने येणारा लेख, ‘निरीक्षक’ त्याहून खाली. १९९० नंतर टोपणनावांची भर पडली. ‘चोंग शेंग’ (अर्थ घंटानाद, उच्चारसाधर्म्याने ‘चीनचा आवाज’) हे आंतरराष्ट्रीय विषयांसाठीचे नाव, ‘रन चोंग-फिंग’ हा ‘रन्मिन रिबाओचे महत्त्वाचे भाष्य’ या शब्दांचा ध्वनिश्लेष. या टोपणनावांना किती अधिकार मानावा, याविषयी मतभेद आहेत. एका मते ती पक्षनेतृत्वाचाच आवाज होत. चिनी इशाऱ्यांच्या पद्धतीचा अभ्यास करणारे पॉल गॉडविन व अ‍ॅलिस मिलर (२०१३) मात्र दर्जाची उतरंड काटेकोरपणे पाळण्याचा आग्रह धरतात. पुढील घटनांवरून हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. व्यापारयुद्धाच्या काळात, मे २०१९ मध्ये, दुर्मिळ मृदा धातूंवरील लेखात ‘आधी सांगितले नाही असे म्हणू नका’ हा जुना वाक्प्रयोग आला, तेव्हा जगभर खळबळ उडाली. डिसेंबर १९७८ मधील व्हिएतनामविषयक अग्रलेखात तो आला होता व पाठोपाठ फेब्रुवारीत युद्ध झाले. सप्टेंबर १९६२ मधील भारतविषयक इशाऱ्याचाही दाखला दिला जातो. पण २०१९ चा लेख टोपणनावाचा होता, अग्रलेख नव्हता. शब्द तेच असले तरी दर्जा उतरलेला होता.

१९६९–७२ : हा या विषयाचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला कालखंड. २८ जानेवारी १९६९ रोजी ‘रन्मिन रिबाओ’ने रिचर्ड निक्सनचे अध्यक्षपदग्रहणाचे भाषण संपूर्ण छापले. सोबतच्या लेखात त्याची, वाट खुंटलेल्याचा कबुलीजबाब म्हणून, यथेच्छ संभावना होती. तिच्यात सोव्हिएत नेत्यांचाही समाचार घेतला होता. भाषण छापण्याची आज्ञा माओची होती. शिवीगाळीच्या आडून मूळ मजकूर वाचकांपुढे ठेवणे, ही गोष्ट शिवीगाळीपेक्षा बोलकी आहे.

२५ डिसेंबर १९७० रोजी पहिल्या पानावर माओ व अमेरिकी पत्रकार एडगर स्नो यांचे छायाचित्र आले. ते त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनी त्यन्‌आन्‌मेन सज्जावर घेतलेले. म्हणजे जवळजवळ तीन महिने राखून ठेवलेले. स्नोचा उल्लेख ‘अमेरिकी मित्र’ अशा शब्दांत होता आणि अमेरिकी जनताही आपली मित्र आहे, या अर्थाचे माओवचन वर छापले होते. हा वॉशिंग्टनला दिलेला संकेत होता, असे सर्वसाधारणपणे मानतात. तसे असेल तर तो वाया गेला : निक्सनचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर याने पुढे कबूल केले, की हे सूचन अमेरिकनांना उमजण्याजोगे नव्हते. ज्याला चिनी वाचता येत नाही त्याला चिनी दैनिकातून निरोप धाडण्याचा हेतू मुख्य असावा, हे पटत नाही. वीस वर्षे ‘मेइ-दी’चा धिक्कार ऐकलेल्या पक्षकार्यकर्त्यांची मनोभूमी तयार करणे हाच बहुधा प्रधान हेतू होता. १८ डिसेंबरच्या मुलाखतीत माओने निक्सनचे स्वागत करण्याची तयारी स्नोकडे तोंडी बोलून दाखवली होतीच.

त्यानंतर भाषेचा पालट झपाट्याने झाला. एप्रिल १९७१ मधील अमेरिकी टेबल टेनिस संघाची चीनभेट, जुलैमधील किसिंजरची गुप्त भेट व तिची मोजक्या शब्दांतील घोषणा, फेब्रुवारी १९७२ मध्ये पहिल्या पानावर माओ-निक्सन हस्तांदोलन, असा हा क्रम. १६ डिसेंबर १९७८ रोजी राजनैतिक संबंध प्रस्थापित करण्याचे संयुक्त निवेदन जाहीर झाले, तेव्हा ‘रन्मिन रिबाओ’ने जादा अंक काढला. संबंध १ जानेवारी १९७९ पासून सुरू झाले.

शब्दांचे वाद : मे १९९९ मध्ये युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर अमेरिकी बॉम्ब पडले. त्यात शिन्ह्वाची एक व ‘गुआंगमिंग रिबाओ’चे दोन असे तीन पत्रकार ठार झाले, चुकीच्या नकाशाचे अमेरिकी स्पष्टीकरण चिनी वृत्तपत्रांनी स्वीकारले नाही आणि अध्यक्ष क्लिंटनची दिलगिरीही उशिराच छापली. १ एप्रिल २००१ रोजी हायनानजवळ अमेरिकी टेहळणी विमान व चिनी लढाऊ विमान यांची टक्कर होऊन चिनी वैमानिक बेपत्ता झाला. अमेरिकी राजदूताच्या पत्रातील खेदवाचक इंग्रजी शब्द चिनी वृत्तपत्रांत ‘शन्-ब्याओ छ्यन्-यी’ असा उतरला. ‘दाओ-छ्यन्’ म्हणजे चूक कबूल करून मागितलेली माफी; ‘छ्यन्-यी’ त्याच धातूचा, पण दिलगिरीकडे झुकणारा. मराठीतील माफी व दिलगिरी यांच्यात जे अंतर तेच इथे. अमेरिकेला माफी मागितली नाही असे म्हणता आले आणि चिनी वाचकाला माफी मिळाली असे वाटले. चीनने अडकवून ठेवलेले टेहळणी विमानातील २४ अमेरिकी कर्मचारी सुटले.

‘हुआनछ्यू शिबाओ’ (स्थापना १९९३, इंग्रजी आवृत्ती २००९) हे ‘रन्मिन रिबाओ’च्याच समूहातील, परंतु बाजारावर चालणारे व भडक भाषेचे दैनिक. परदेशात ते सर्वाधिक उद्धृत होते. त्यास पक्षाचे अधिकृत मत मानणे सावधगिरीचे नव्हे. २०२० मध्ये अमेरिकेने शिन्ह्वासह अनेक चिनी माध्यमसंस्थांना परकीय सरकारच्या प्रतिनिधी-कचेऱ्या ठरवले व चीनने तीन प्रमुख अमेरिकी दैनिकांच्या वार्ताहरांना देशाबाहेर घालवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पत्रकारांच्या व्हिसाबाबत अंशतः तडजोड झाली.