शहाबादी फरशी आणि दोन आम्लं

फरशी बसवून झाली, सांधे भरले, की शेवटच्या दिवशी अ‍ॅसिड ओतून सगळी जमीन धुवायची पद्धत सर्रास दिसते. बुडबुडे येतात, सिमेंटचे डाग जातात आणि 'बघा, फरशी कसा मळ सोडतेय' असं सांगितलं जातं. त्या बुडबुड्यांचा मळाशी काही संबंध नाही. तिथे डागांसोबत फरशीही विरघळत असते.

शहाबादी, तांदूर, कोटा आणि ओट्याचा काळा कडप्पा हे सगळे चुनखडक. त्यांचा मुख्य घटक कॅल्साइट, म्हणजे शाळेत भेटलेलं कॅल्शियम कार्बोनेट. सोबत थोडी सिलिका आणि चिकणमाती. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पायाखाली बेसॉल्ट आहे. लाव्हा थिजताना त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतले, त्यामुळे त्याच्या सपाट लाद्या सुटत नाहीत. तो घडवावाच लागतो. भीमेच्या खोऱ्यात खाली कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडे गेलं की दगड बदलतो. माशांचाही जन्म व्हायच्या कितीतरी आधी तिथल्या समुद्रतळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर साचत गेला, मध्येमध्ये चिकणमातीचे पातळ पापुद्रे राहिले. त्या पापुद्र्यात छिन्नी आणि पहार घातली की दोन-तीन सेंटीमीटर जाडीची लादी सुटून येते. ग्रॅनाइटचा ठोकळा करवतीवर चिरायला जो खर्च येतो, तो इथे बराचसा वाचतो. ही फरशी स्वस्त पडते ती मुख्यतः यामुळे. दगड कमी प्रतीचा आहे म्हणून नव्हे.

आता आम्लाकडे येऊ. फरशीवर ओततात ते अ‍ॅसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. बाजारातल्या बऱ्याचशा टॉयलेट क्लीनरमध्येही ते साधारण 10 टक्के असतं. ते कॅल्साइटला भिडलं की तीन गोष्टी तयार होतात: कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. वायू उडून जातो, क्लोराइड पाण्यात विरघळतं, म्हणजे अभिक्रियेला अडवणारं जागेवर काहीच उरत नाही. हिशेब केला तर असं एक लिटर आम्ल सुमारे 140 ग्रॅम कॅल्साइट खातं. एक चौरस मीटरवर सारखं पसरलं तर हा थर जेमतेम 0.05 मिलिमीटरचा, केसाच्या जाडीएवढा. पण चकाकीच्या दृष्टीने तो प्रचंड आहे. पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साधारण 0.5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लहान असतील तरच प्रकाश आरशासारखा परततो. आपण खाल्लेला थर त्याच्या शंभरपट आहे. त्यातही कॅल्साइट विरघळतं आणि सिलिका, माती जागच्या जागी राहतात, म्हणून पृष्ठभाग खडबडीत होतो आणि फरशी पांढुरकी, मेलेली दिसते. शिवाय सांध्यांत मुरलेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात सांधे सतत ओले राहतात. हेच क्लोराइड झिरपत स्लॅबच्या सळईपर्यंत पोचलं तर गंज लवकर धरतो.

मग पॉलिशवाला शेवटच्या हाताला जे ऑक्झॅलिक टाकतो, तेही आम्लच की! ते फरशी का खात नाही? मला या दगडाच्या रसायनातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. ऑक्झॅलिक आम्लही कॅल्साइटवर हल्ला करतं, कार्बन डायऑक्साइड इथेही सुटतो; पण तयार होणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते जिथे तयार होतं तिथेच, दगडाच्या अंगावर, बसतं. अळूची पानं घशाला खाजतात ती याच ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे. गंमत म्हणजे नुसत्या पाण्यातली विद्राव्यता पाहिली तर कार्बोनेट आणि ऑक्झॅलेट यांत फार अंतर नाही. फरक पडतो तो आम्लात. कार्बोनेट आयन हायड्रोजन पटकन पकडतो आणि वायू होऊन निघून जातो. ऑक्झॅलेट आयन ज्या आम्लातून येतो ते बरंच तीव्र असल्याने तो हायड्रोजनच्या मागे सहज जात नाही, कॅल्शियमला धरून राहतो. म्हणूनच कॅल्शियम ऑक्झॅलेट व्हिनेगरमध्ये विरघळत नाही, हायड्रोक्लोरिकमध्ये मात्र विरघळतं. 60, 120, 220, 320 नंबरच्या दगडांनी घासाई झाल्यावर चौरस मीटरला 33 ग्रॅम ऑक्झॅलिक पावडर ओल्या फरशीवर घासली की हा पातळ थर बसतो आणि चकाकी येते. पावडर विषारी आहे. हातमोजे घालून आणि मुलांना लांब ठेवूनच ती वापरावी.

काळा कडप्पा ओट्याला अशुभ, असं वास्तूच्या नावाने सांगितलं जातं. त्याला काहीही आधार नाही. त्याचं खरं वाकडं आहे ते लिंबू, चिंच आणि कोकमाशी. सांडलं की लगेच पुसावं. सीलरच्या जाहिरातींनाही भुलू नये: सीलर छिद्रं बुजवून तेल-हळदीचे डाग अडवतो, पण बहुतेक सीलर पृष्ठभागाला आम्लापासून वाचवत नाहीत.

सिमेंटचे डाग पडूच द्यायचे नसतील तर बसवतानाच काळजी हवी. 100 चौरस फुटांना दोन बाय दोन फुटांच्या 25 फरश्या लागतात, तुटफूट धरून 27. 25 मिलिमीटर जाडीची फरशी एकेक 24 किलोची भरते. खाली 1:4 मालाचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) सरासरी 25 मिलिमीटर बेड घालावा, त्याला पावणेदोन पोती सिमेंट आणि 9 घनफूट वाळू लागते. त्यावर सिमेंट-पाण्याची मधासारखी दाट स्लरी, चौरस मीटरला 4.4 किलो सिमेंट या प्रमाणात, म्हणजे आणखी 40 किलो. फरशीची पाठ ब्रशने धुऊन घ्यावी, कारण खाणीतली धूळ मधे राहिली की माल धरत नाही. पाच ठिकाणी मालाचे गोळे थापून वर फरशी ठेवण्याचा प्रकार होऊ देऊ नये. खाली पोकळी राहते आणि कपाटाचा पाय नेमका त्या पोकळीवर आला की फरशी तडकते. बसवल्यावर लाकडी हातोडीने ठोकून ऐकावं. भद्द आवाज आला तर ओला माल असतानाच फरशी उचलून पुन्हा बसवावी. वर सांडलेलं सिमेंट तासाभराच्या आत ओल्या पोत्याने पुसलं की अ‍ॅसिडची गरजच पडत नाही. मग सात दिवस पाणी मारावं आणि त्यानंतरच पॉलिशचं मशीन आणावं.

तळमजल्यावर आणखी एक धोका असतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर येते, पाणी उडतं आणि क्षारांचे स्फटिक फरशीच्या आत फुगतात. ज्या मातीच्या पापुद्र्यांमुळे खाणीत लादी सहज सुटली, त्याच पापुद्र्यांवर ती आता सोलू लागते. वरून कितीही पॉलिश केलं तरी हे थांबत नाही. उपाय खालूनच करावा लागतो: मुरूम ठोकून त्यावर 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, कागदाच्या कडा एकमेकांवर सहा इंच चढवलेल्या, आणि वर 1:4:8 चं (सिमेंट, वाळू, खडी) 100 मिलिमीटर काँक्रीट. घेताना फरशीची कड उजेडात पाहावी. कडेत मातकट रेघ दिसत असेल आणि नखाने ती उकरली जात असेल, तर ती लादी अंगणात चालेल, न्हाणीघरात नाही.