सिमेंटच्या बोटीचा खरा शत्रू पाणी नाही, मीठ

टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनच्या खाडीत अर्धवट बुडालेलं एसएस सेल्मा नावाचं काँक्रीटचं जहाज आहे, त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर मामाचा लगेच मेसेज, "सिमेंट कधी तरंगतं का रे?" अरे मामा, लोखंड तर काँक्रीटच्या तिप्पट जड, त्याची जहाजं तरंगतातच की. आर्किमिडीज शाळेत झालाय, पुढे जाऊ.

पहिल्या महायुद्धात स्टीलची टंचाई म्हणून हे टँकर बांधायला घेतलं आणि पाण्यात उतरलं 28 जून 1919 ला, म्हणजे व्हर्सायचा तह झाला नेमका त्याच दिवशी! पुढे मेक्सिकोत टॅम्पिकोला आपटून भलंमोठं भोक पडलं, दुरुस्ती जमेना, मग 1922 मध्ये इथे आणून बुडवलं. शंभर वर्षं खाऱ्या पाण्यात, तरी सांगाडा उभा आहे.

आता माझा आवडता भाग. सिमेंटमध्ये चुना असतो त्यामुळे आतल्या बारीक छिद्रांतल्या पाण्याचा पीएच 12.5 च्या वर जातो, आणि एवढ्या अल्कलीत काँक्रीटच्या आतल्या लोखंडी सळईवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो, तोच तिचं चिलखत. पाणी झिरपलं तरी हा थर हलत नाही. पण मिठातला क्लोराइड पुरेसा साठला की त्याला ठिकठिकाणी भोकं पाडतो, तिथे गंज धरतो, गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते आणि काँक्रीट आतून फुटतं. मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगच्या स्लॅबचे पोपडे पडतात ना, तेच हे. गंमत म्हणजे कायम पाण्याखाली असलेला भाग जास्त टिकतो कारण तिथे ऑक्सिजन फार कमी पोचतो, वाट लागते ती पाण्याच्या रेघेजवळ जिथे ओलं-सुकं चालू असतं.

म्हणून "एक कोट मारा, आयुष्यभर वॉटरप्रूफ" वगैरे जाहिरातींना भुलू नका. साधा ऑइलपेंट तर ओल्या काँक्रीटवर अल्कलीने अक्षरशः साबण होऊन सुटतो, तिथे इपॉक्सीच (दोन घटक मिसळून कडक होणारं रेझिन) लागतो, तोही हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, नीट सुकल्यावर.

सिमेंटच्या बोटी असणारे दरवर्षी बोट वर काढून छोट्या हातोडीने हल ठोकत फिरतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला की आत पोकळी. मग तेवढं फोडायचं, सळई चकाकेपर्यंत घासायची, आणि गोड्या पाण्याने भरपूर धुवायची. धुवायचा कंटाळा केला तर मीठ तिथेच राहतं आणि वरून कितीही महागडा इपॉक्सी भरा, खाली गंज परत सुरू.