स्मार्टफोनवरील रेडिओ ध्वनिमुद्रण

एफएम रेडिओवरचा किंवा इंटरनेटवरून प्रवाहित होणारा कार्यक्रम स्मार्टफोनमध्ये फाइलच्या रूपात साठवून ठेवण्याची क्रिया. थेट प्रसारण एकदाच होते. कित्येक केंद्रे आपले कार्यक्रम नंतर ऐकण्यासाठी ठेवत नाहीत, आणि ठेवले तरी ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात. म्हणून सवडीने ऐकण्यासाठी, भाषा शिकण्यासाठी किंवा संशोधनासाठी श्रोते स्वतःच मुद्रण करतात. ही सवय फोनपेक्षा जुनी आहे. फिलिप्स कंपनीची कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये आली आणि पुढच्या काही वर्षांत रेडिओ व कॅसेट रेकॉर्डर एकाच यंत्रात मिळू लागल्यावर घरगुती मुद्रण कोणालाही जमण्यासारखे झाले. बीबीसीसारख्या संस्थेकडेही अनेक जुन्या कार्यक्रमांच्या प्रती उरल्या नव्हत्या. त्यांतले काही श्रोत्यांच्या घरच्या टेपांमुळेच परत मिळाले. श्रोत्याने स्वतःपुरते केलेले मुद्रण पुढे एकमेव प्रत ठरू शकते, ते असे.

फोनवरच्या मुद्रणाचा दर्जा कोणते ॲप वापरले यापेक्षा ध्वनी वाटेत नेमका कुठे उचलला यावर ठरतो. सर्व्हरकडून येणारा प्रवाह जसाच्या तसा घेता येतो, एफएम ट्यूनरमधून घेता येतो, फोनमध्ये वाजत असलेला ध्वनी आतल्या आत पकडता येतो, किंवा स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज मायक्रोफोनने टिपता येतो. जितक्या लवकर उचलावा तितके मुद्रण मूळाच्या जवळ राहते.

प्रवाहाचे थेट मुद्रण : यातला सर्वांत चांगला मार्ग हाच. इंटरनेटवरून रेडिओ प्रवाहित करण्याचे नलसॉफ्ट कंपनीचे शाउटकास्ट हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये आले. त्यापाठोपाठ आलेले मुक्त-स्रोत आइसकास्टही आज जगभर वापरात आहे. दोन्हींत श्रोत्याच्या ॲपशी एक जोडणी खुली राहते आणि तिच्यातून एमपी३ किंवा एएसी स्वरूपातला संकुचित ध्वनी अखंड येत राहतो. मुद्रण म्हणजे येणारे बाइट तसेच फाइलमध्ये लिहीत जाणे. ध्वनी पुन्हा संकुचित होत नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही. फोनचा आवाज बंद ठेवला तरी चालतो, आणि मध्येच संदेशाची घंटा वाजली तर ती मुद्रणात येत नाही. अशा वेळी दर्जा वाढवण्याच्या सोयीला काहीच अर्थ नसतो: १२८ किलोबिटचा (प्रतिसेकंद येणाऱ्या माहितीचे हे माप म्हणजे बिटरेट) प्रवाह ३२० किलोबिटमध्ये साठवला तर फाइल अडीचपट मोठी होते, आवाज मात्र तोच राहतो. १२८ किलोबिट प्रतिसेकंद दराने एका तासाला ५७.६ मेगाबाइट जागा लागते. ६४ किलोबिटच्या एचई-एएसी (कमी बिटरेटसाठी बनवलेले एएसीचे रूप) प्रवाहाला त्याच्या निम्मी लागते, आणि बोलक्या कार्यक्रमांसाठी तो भरपूर होतो.

जोडणी होताच ऐकणे लगेच सुरू व्हावे म्हणून आइसकास्ट आधीचा थोडा साठा एकदम पाठवतो. त्याच्या मूळ मांडणीत हा साठा सुमारे ६४ किलोबाइटचा, म्हणजे १२८ किलोबिटच्या प्रवाहात चारेक सेकंदांचा असतो. त्यामुळे मुद्रण बटण दाबण्याच्या क्षणाआधीपासून मिळते, ही श्रोत्याला फुकट लाभलेली सोय आहे. याच प्रवाहात ठरावीक बाइटांनंतर चालू गाण्याचे किंवा कार्यक्रमाचे नाव घातलेले असू शकते. ॲपने ती माहिती बाजूला काढूनच ध्वनी लिहिला पाहिजे. नाहीतर फाइलमध्ये ठरावीक अंतराने खट्‌ असा आवाज उमटत राहतो. या नावांच्या आधारे गाणी आपोआप वेगळी करणारी ॲपही आहेत. पण नाव बदलण्याचा क्षण आणि गाणे बदलण्याचा क्षण क्वचितच जुळतात, शिवाय दोन गाणी एकमेकांत मिसळून वाजवण्याची पद्धत असते. सलग मुद्रण करून नंतर कापणे हेच बरे.

दुसरी मोठी पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस. हिच्यात ध्वनी काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि त्यांची यादी सर्व्हर सतत ताजी करत राहतो. मुद्रण करणारे ॲप यादी वाचून तुकडे उतरवते आणि क्रमाने जोडते. खंडित जोडणीच्या वेळी हा फरक फार मोलाचा ठरतो. आइसकास्टमध्ये जोडणी तुटली की मधला भाग गेला. एचएलएसच्या यादीत शेवटचे काही तुकडे शिल्लक असतात, त्यामुळे थोड्या वेळाची खोट भरून निघते. फोन वाय-फायवरून मोबाइल डेटावर जातो तेव्हा त्याचा आयपी पत्ता बदलतो आणि चालू जोडणी तुटते. घराबाहेर पडताना मुद्रणे अर्धवट राहतात त्याचे कारण बहुधा हेच असते.

एफएम ट्यूनर : हा मार्ग इंटरनेटशिवाय चालतो. बहुतेक देशांत एफएम पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे. तिथे तरंगलांबी सुमारे ३ मीटर भरते आणि तिचा चौथा हिस्सा म्हणजे पाऊण मीटर. इअरफोनची वायर अँटेना म्हणून चांगली चालते ती यामुळे. ब्लूटूथवर ऐकायचे असले तरी वायर खोचलेली लागते. इअरफोनची खाच फोनमधून जाऊ लागली तशी ही सोयही मागे पडली. आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिप किंवा अँटेना नाही, असे ॲपलने २०१७ मध्ये स्पष्ट केले होते. एफएममधून येणारा ध्वनी १५ किलोहर्ट्झपर्यंतच असतो, त्यामुळे १२८ किलोबिटचे एएसी पुरते. ग्रहण कमजोर असेल तर स्टिरिओ बंद करून मोनोमध्ये मुद्रण करावे, खरखर लक्षणीय कमी होते. मध्यमलहरी आणि लघुलहरी फोन स्वतः पकडू शकत नाही. त्यासाठी यूएसबीला जोडण्याचे, बरेचसे काम सॉफ्टवेअरने करणारे रेडिओ ग्राहक (रिसीव्हर) मिळतात, किंवा नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरसारखा दूरचा ग्राहक ब्राउझरमधून वापरता येतो.

फोनच्या आतून पकडणे : एखादे ॲप आपल्या प्रवाहाचा पत्ता उघड करत नसेल तर हा पर्याय उरतो. अँड्रॉइड १० पासून (२०१९) वापरकर्त्याच्या परवानगीने एका ॲपला दुसऱ्या ॲपचा ध्वनी मुद्रित करता येतो, मात्र ते दुसरे ॲप त्याला नकार देऊ शकते. आयफोनमध्ये आयओएस ११ पासून (२०१७) पडद्याचे मुद्रण करता येते. त्यातून चित्रफीत मिळते आणि ध्वनी वेगळा काढावा लागतो. दोन्ही ठिकाणी आधीच संकुचित असलेला ध्वनी उलगडून पुन्हा संकुचित होतो, म्हणून बिटरेट मूळ प्रवाहापेक्षा चढा ठेवावा. मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजात खोलीचा घुमारा आणि आसपासचा गोंगाट मिसळतो. बाकी सर्व वाटा बंद असतील तरच तो मार्ग घ्यावा.

नेमल्या वेळेचे मुद्रण : पहाटेचा कार्यक्रम झोपेत असताना टिपला जावा, ही श्रोत्यांची सर्वांत मोठी अपेक्षा आणि निराशाही सर्वांत जास्त इथेच. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड ६ पासून (२०१५) फोन निष्क्रिय असताना पार्श्वभूमीतली कामे पुढे ढकलली जातात. अचूक वेळी जागे होण्यासाठी ॲपला अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी लागते. त्यावर काही उत्पादकांची स्वतःची बॅटरी-बचत चालू मुद्रणही बंद पाडते. त्यामुळे ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे, मुद्रण चालू असल्याची कायम सूचना दिसू द्यावी आणि फोन चार्जरला लावून ठेवावा. आयफोनवर बाहेरच्या ॲपला ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होण्याची मुभा सहसा नसते. इंटरनेट प्रवाह प्रत्यक्ष प्रसारणाच्या अर्धा मिनिट किंवा त्याहून मागे असू शकतो, आणि अनेक केंद्रे जोडणीच्या आरंभी जाहिरात वाजवतात. दोन मिनिटे आधी सुरुवात आणि काही मिनिटे उशिरा शेवट हा नियम ठेवला तर कार्यक्रमाचे तोंड किंवा शेपूट कापले जात नाही.

फाइलचे स्वरूप : लांब मुद्रणात याकडे दुर्लक्ष केले तर सगळे कष्ट वाया जातात. एम४ए (एएसी ध्वनी साठवण्याचे एक प्रचलित स्वरूप) फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. मधेच ॲप बंद पडले किंवा बॅटरी संपली तर फाइलमध्ये तासाभराचा ध्वनी असूनही ती उघडत नाही. एमपी३ आणि साधा एएसी प्रवाह छोट्या चौकटींचा बनलेला असतो, ४४.१ किलोहर्ट्झच्या एमपी३मध्ये एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. फाइल कुठेही तुटली तरी तोवरचा भाग वाजतो, आणि चौकटींच्या सीमेवर कापली तर पुन्हा संकुचित करावी लागत नाही. असंकुचित डब्ल्यूएव्हीला सीडीच्या दर्जात तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात आणि या स्वरूपाची फाइलमागे ४ गिगाबाइटची मर्यादा पावणेसात तासांत गाठली जाते. प्रवाह मुळातच संकुचित असेल तर डब्ल्यूएव्हीचा उपयोग नाही.

कायदा : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरसंबंधीच्या खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले दूरचित्रवाणी मुद्रण वाजवी वापरात बसते असे ठरवले. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात प्रसारण सोयीच्या वेळी पाहण्या-ऐकण्यासाठी घरगुती मुद्रणाला स्पष्ट सूट आहे. जर्मनीने १९६५ पासून मुद्रणाच्या साधनांवर शुल्क बसवून ते हक्कधारकांकडे वळवले. अशा सवलती खाजगी वापरापुरत्या असतात. मुद्रण इतरांना वाटणे किंवा पुन्हा प्रसारित करणे त्यांत येत नाही. कूटबद्ध संगीतसेवांचे कुलूप तोडणे हा अमेरिकेसह अनेक देशांत स्वतंत्रपणे निषिद्ध प्रकार आहे, आणि अशा सेवांवर मागणीनुसार ऐकण्याची सोय असल्याने मुद्रणाची निकडही थेट रेडिओइतकी नसते.

जतन : मूळ फाइल न कापता ठेवावी आणि संपादन प्रतीवर करावे. बहुतेक ॲप फाइलला केंद्राचे नाव आणि तारीख देतात, पण वेळ फोनच्या घड्याळाची असते. दूरच्या देशातले केंद्र टिपले असेल तर तारीखच बदललेली असू शकते. म्हणून नावात केंद्र, तारीख, वेळ आणि कालविभाग लिहावा, आणि प्रवाहातून मिळालेली गाण्यांची नावे वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये सोबत ठेवावीत.