डॉल्फिन-जलतरण उद्यान

डॉल्फिन, समुद्रसिंह, पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) यांसारख्या सागरी प्राण्यांच्या सान्निध्यात पाहुण्यांना पाण्यात उतरता येईल अशी सोय असलेले उद्यान. मत्स्यालयात प्राणी काचेपलीकडून पाहिला जातो, सागरी प्राण्यांच्या खेळात तो प्रेक्षागारातून दिसतो. येथे मात्र माणूस आणि प्राणी एकाच पाण्यात असतात. या उद्यानांचे सगळे आकर्षण आणि त्यांच्याविषयीचे सगळे आक्षेप या एकाच गोष्टीतून निघतात. काही उद्याने समुद्राचा भाग जाळीने अडवून केलेल्या खाजणात असतात, काही काँक्रीटच्या तलावांत. कार्यक्रमाचे प्रकारही वेगवेगळे : गुडघाभर पाण्यात उभे राहून स्पर्श करणे, प्रशिक्षकाच्या खुणेनुसार प्राण्यासोबत खोल पाण्यात पोहणे, आणि पूर्वी प्रचलित असलेले, आता बरेच मागे पडलेले, मोकळे पोहणे.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. सर्वांत जुना दाखला म्हणून रोमन लेखकांकडे बोट दाखवले जाते. थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या नवव्या खंडात (इ. स. 77 च्या सुमारास) ल्युक्राइन सरोवरातल्या एका डॉल्फिनची हकिकत दिली आहे. पावाचे तुकडे देणाऱ्या मुलाला तो पाठीवरून शाळेला नेत असे आणि ‘सायमो’ म्हणजे चपट्या नाकाचा या हाकेला ओ देत असे. त्याच खंडात उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (आजच्या ट्युनिशियातील बिझर्टे) येथील डॉल्फिनची गोष्ट येते. तीच गोष्ट त्याचा भाचा धाकटा प्लिनी याने पुढे एका पत्रात अधिक विस्ताराने सांगितली. दोन्ही कथनांत फरक आहेत. डॉल्फिनच्या अंगाला सुगंधी लेप लावणारा अधिकारी थोरल्याकडे फ्लेव्हिएनस आहे, तर धाकट्याकडे ऑक्टेव्हियस एव्हिटस. धाकटा आपल्या मामाच्या ग्रंथाचा उल्लेखही करत नाही. जेवणाच्या बैठकीत विश्वासू माणसाकडून ऐकले, एवढेच तो म्हणतो. त्यामुळे ही दोन स्वतंत्र साक्षी मानायच्या की एकच किनारपट्टीवरची दंतकथा दोन वाटांनी आलेली, हा प्रश्न उरतो. नावांतील तफावत पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

कथेचा गाभा मात्र दोन्हीकडे सारखा आहे. धाकट्याच्या पत्रानुसार किनाऱ्यापासून सर्वांत दूर पोहून जाण्याची मुलांमध्ये चुरस असे. अशाच एका मुलाला डॉल्फिनने पाठीवर घेऊन परत आणले. बातमी पसरली, पाहणाऱ्यांची रीघ लागली. लेप लावल्यावर प्राणी खोल पाण्यात निघून गेला आणि काही दिवसांनी दिसला तेव्हा मलूल होता. पुढे तो सावरला. पण त्याला पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सरबराईचा खर्च लहानशा गावाला झेपेना, गावाची शांतता गेली, आणि शेवटी त्या डॉल्फिनला गुपचूप मारून टाकण्यात आले. गर्दी, अजाण हातांचा स्पर्श, पाहुण्यांच्या सोयीचा बोजा आणि त्याची किंमत मोजणारा प्राणी, हे सगळे तिथे आधीच हजर आहे. आधुनिक नियमांची बरीचशी कलमे याच चार गोष्टींभोवती फिरतात.

आधुनिक काळातील जवळचा दाखला न्यूझीलंडमधील ओपोनोनी गावचा. 1955–56 च्या उन्हाळ्यात ‘ओपो’ नावाची डॉल्फिन मादी किनाऱ्यालगत येऊन मुलांशी खेळू लागली, चेंडू उडवू लागली. हजारो लोक तिला पाहायला आले. तिला संरक्षण देणारा सरकारी आदेश मार्च 1956 मध्ये निघाला आणि 9 मार्च रोजी ती मृतावस्थेत सापडली. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील मंकी मिया किनाऱ्यावर 1960 नंतरच्या दशकात रानटी डॉल्फिनांना हाताने मासे भरवण्याची चाल पडली. ती आज देखरेखीखाली चालू आहे.

उगमाविषयीचे दुसरे मत बंदिस्त प्राण्यांपासून सुरुवात करते. पी. टी. बार्नम या अमेरिकन करमणूक-व्यावसायिकाने 1861 मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या संग्रहालयात पांढरे बेलुगा देवमासे ठेवले होते. ते फार जगले नाहीत. फ्लॉरिडात सेंट ऑगस्टीनजवळ जून 1938 मध्ये मरीन स्टुडिओज उघडले. मूळ हेतू पाण्याखालचे चित्रीकरण हा होता, पण लोक प्राणी पाहण्यासाठीच लोटले. बंदिवासात डॉल्फिनच्या पिल्लाचा यशस्वी जन्म 1947 मध्ये येथेच झाला, आणि प्राणी-प्रशिक्षक केलर ब्रेलंड यांनी 1955 च्या सुमारास येथेच प्रशिक्षणाची पद्धत लेखी स्वरूपात बांधून दिली. योग्य कृती होताच शिट्टी, शिट्टीनंतर मासा, हा आजही वापरात असलेला क्रम त्या परंपरेतला आहे. तरीही पाहुणा अजून पाण्याबाहेरच होता. पैसे भरून पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम संस्था म्हणून उभा राहिला तो फ्लॉरिडा कीज बेटांवरील खाजणांत, 1980 नंतरच्या दशकात. आरंभ या टप्प्यापासून मोजणे अधिक सुसंगत ठरते, कारण परवाना, शुल्क, वेळापत्रक आणि प्रशिक्षक ही चौकट येथेच प्रथम एकत्र येते. ऑर्लँडो येथे 2000 मध्ये सुरू झालेल्या डिस्कव्हरी कोव्ह या उद्यानाने रोजची पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवून, आगाऊ नोंदणीने, कुटुंबाचा अख्खा दिवस एकाच प्रवेशात बांधण्याचा नमुना रूढ केला.

नियमन : अमेरिकेत 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली असे कार्यक्रम आरंभी प्रायोगिक म्हणून चालत. त्यांचा शास्त्रीय अभ्यास एमी सॅम्युएल्स आणि ट्रेव्हर स्प्रॅडलिन यांनी केला. तो 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षकाच्या थेट नियंत्रणाखालचे पोहणे आणि मोकळे पोहणे यांची त्यांनी तुलना केली. मोकळ्या पोहण्यात डॉल्फिनचे आक्रमक, दबलेले आणि लैंगिक वर्तन, म्हणजेच माणसाला किंवा प्राण्याला धोक्याचे वर्तन, लक्षणीय प्रमाणात अधिक आढळले. पाहुण्याला ज्या पोहण्यात जास्त ‘नैसर्गिकपणा’ जाणवतो, तेच अधिक जोखमीचे, हा या अभ्यासाचा निष्कर्ष कुटुंबाने ध्यानात ठेवावा असा आहे.

1994 मध्ये बंदिस्त प्राण्यांची देखरेख कृषी विभागाकडे गेली आणि 1998 मध्ये या कार्यक्रमांसाठी तपशीलवार नियम निघाले : एका प्राण्यामागे तीनहून अधिक पाहुणे नकोत; तीन पाहुण्यांमागे निदान एक कर्मचारी हवा; एका प्राण्याने दिवसात दोन तासांहून जास्त वेळ पाहुण्यांसोबत घालवू नये; चोवीस तासांत सलग दहा तास त्याला लोकांपासून सुटका हवी; आणि पाहुण्यांना मज्जाव असलेला आश्रय-विभाग त्याला कार्यक्रम चालू असताना हवा तेव्हा गाठता यावा. 1999 मध्ये या नियमांची अंमलबजावणी स्थगित झाली. पण चांगल्या आणि कामचलाऊ उद्यानातील फरक ओळखण्यासाठी याहून नेमके मोजमाप दुसरे नाही. त्यातही आश्रय-विभागाची अट सर्वांत महत्त्वाची मानावी. ज्या प्राण्याला निघून जाता येते, त्याचे जवळ येणे खरे.

प्राणी : बहुतेक उद्यानांत बाटलीनाक डॉल्फिन (टर्सिऑप्स ट्रंकेटस) असतो. लांबी साधारण 2 ते 4 मी., वजन 150 ते 300 किग्रॅ. किंवा त्याहून अधिक. तोंडात ऐंशी-शंभर शंकूच्या आकाराचे दात असतात. झोपताना त्याच्या मेंदूचा एक अर्धगोल जागा राहतो. त्याच्या चेहऱ्यावरचे ‘हसू’ ही जबड्याची ठेवण आहे. आजारी प्राणीही तसाच हसतो. म्हणून त्याची मनःस्थिती चेहऱ्यावरून न वाचता शरीरावरून वाचावी लागते. जबडे फटकन मिटणे, डोके झटकणे, शेपटी पाण्यावर आपटणे, अंग वाकवून समोर ताठ थांबणे ही नाराजीची चिन्हे आहेत. ती दिसल्यास हात आवरून शांतपणे बाजूला व्हावे आणि प्रशिक्षकाचे ऐकावे. डोक्यावरील श्वासरंध्र, डोळे आणि शेपटी यांना हात लावू नये; प्रशिक्षक सांगेल त्या जागी, बहुधा पाठीवर किंवा कुशीवर, उघड्या तळव्याने स्पर्श करावा. छळलेला डॉल्फिन घातक ठरू शकतो. 1994 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर लोकांनी त्रास दिलेल्या एका रानटी डॉल्फिनच्या धडकेने एक माणूस दगावला होता.

कुटुंबाचा दिवस : अशा दिवसाची आखणी प्राण्यासोबतच्या ठरलेल्या वेळेपासून मागे-पुढे करत जावी, कारण ती वेळ हलवता येत नाही. प्रत्यक्ष पाण्यातला काळ बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास असतो. त्याआधी सूचनांची बैठक, पोशाख आणि तरंगण्याचे जाकीट यांत बराच वेळ जातो. शक्य असल्यास सकाळची वेळ घ्यावी : मुले ताजी असतात, आणि प्राण्याचाही त्या दिवशीचा पहिला गट असण्याची शक्यता जास्त. लहान मुलांसाठी वयाची आणि उंचीची अट असते; उदाहरणार्थ, डिस्कव्हरी कोव्हमध्ये डॉल्फिनसोबत पोहण्यासाठी किमान वय सहा वर्षे आहे. त्याहून लहान भावंडासोबत काठावर कोण थांबणार, हे घरातूनच ठरवून निघावे. प्रवेशद्वारावर ठरवायला गेले की रडारड होते आणि मोठ्या मुलाचा अर्धा आनंद तिथेच संपतो. गरोदर स्त्रियांना बहुतेक ठिकाणी पाण्यात उतरू देत नाहीत; उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्यांनी आपणहून उतरू नये. सागरी प्राण्यांकडून माणसाकडे आणि माणसाकडून त्यांच्याकडे जंतू जाऊ शकतात. मायकोबॅक्टेरियम मरीनम हा त्यांपैकी परिचित.

पाण्यात शरीराची उष्णता हवेतल्यापेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने निघून जाते. त्यामुळे पाणी कोमट वाटले तरी सडपातळ मूल दहा-पंधरा मिनिटांत कुडकुडू लागते. अंगाला बसणारा जाड जलपोशाख मागून घ्यावा. अंगठ्या, बांगड्या, कानातले, घड्याळ सगळे काढून ठेवावे. प्राण्याच्या त्वचेला ओरखडा येतो हे एक कारण, आणि पाण्यात पडलेली चकचकीत वस्तू तो गिळू शकतो हे दुसरे. उन्हाचा लेप झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइडचा असावा. अनेक उद्याने इतर लेप धुऊन टाकायला लावतात. हवाई राज्यात ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेल्या लेपांच्या विक्रीवर 2021 पासून बंदी आहे. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला की लेपाचा प्रश्न बराचसा सुटतो.

मुलाला आधी प्राण्याची ओळख करून देणे ही तयारीतली सर्वांत दुर्लक्षित बाब. तो मासा नाही, फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, हे ठाऊक असलेले मूल वेगळ्या नजरेने पाहते. आणखी एक गोष्ट आधीच सांगावी : प्राणी आज आला नाही, तर आपण त्याला बोलावून बोलावून भंडावायचे नाही. पाण्यात घाबरलेल्या मुलाला ढकलू नये; काठावरून पाहिलेला डॉल्फिनही पुरेसा असतो. उद्यानाला विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. एका गटात किती जण? एका प्राण्याचे दिवसाला किती गट? कार्यक्रमात भाग घेतला नाही तरी त्याला त्या दिवसाचा आहार पूर्ण मिळतो का? प्राणी येथे जन्मला की समुद्रातून पकडून आणला? उत्तरे देताना कर्मचारी टाळाटाळ करू लागले तर पैसे भरण्याआधी परत फिरावे.

इतर प्राणी : समुद्रसिंहाचा चावा जखमी करणारा असतो, म्हणून त्याच्याशी संपर्क बहुधा काठावरच असतो. पाकटांच्या तलावात काट्यांची टोके छाटलेली असतात. खुल्या समुद्रात, जसे ग्रँड केमन बेटाच्या उत्तर खाडीत, जिथे कोळी मासे साफ करत तिथे पाकट जमू लागले आणि 1980 नंतरच्या दशकात ती जागा पर्यटकांची झाली, तिथे तळावर पाय घसटत चालावे. पाऊल उचलून टाकू नये. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात अवयव बुडवल्याने वेदना कमी होते; त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

उपचारमूल्य : डॉल्फिनसोबत पोहल्याने स्वमग्नता किंवा इतर विकार बरे होतात, असा दावा 1970 नंतरच्या दशकापासून केला जातो. लोरी मरिनो आणि स्कॉट लिलियनफेल्ड यांनी 1998 आणि 2007 मध्ये त्यामागील अभ्यासांची छाननी केली. पद्धतीतील दोषांमुळे टिकाऊ परिणामाचा पुरावा त्यांना आढळला नाही. आशेने आलेल्या पालकांना हे स्पष्ट सांगायला हवे.

सद्यःस्थिती : कोस्टा रिकाने 2005 मध्ये बंदिस्त आणि मुक्त अशा दोन्ही डॉल्फिनांसोबत पोहण्यास मनाई केली. भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने मे 2013 मध्ये डॉल्फिनगृहांना परवानगी न देण्याचे परिपत्रक काढले. कॅनडाने 2019 मध्ये, फ्रान्सने 2021 मध्ये (संक्रमणकाळ देऊन) आणि मेक्सिकोने 2025 मध्ये देवमासे-डॉल्फिनांच्या खेळांवर व बंदिवासावर कायदेशीर निर्बंध आणले. मुक्त डॉल्फिनांसोबतच्या पोहण्यालाही मर्यादा पडत आहेत. हवाईच्या किनाऱ्यालगत गिरकी डॉल्फिनांच्या 50 यार्डांच्या (सुमारे 45 मी.) आत जाण्यास ऑक्टोबर 2021 पासून बंदी आहे. हे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ उपसागरांत विश्रांती घेतात. पोहणाऱ्यांची गर्दी नेमकी त्याच वेळी त्यांच्यात शिरत असे.