तापाचा पाचवा दिवस

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक सकाळी एकमेकांना एकच विचारतात, “आज काउंट किती आले?” केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या, की साधा ताप साधा राहत नाही.

एरवी जंतू शिरला की शरीर बोभाटा करतं. जागा लाल होते, सुजते, पू धरतो. पण पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच. त्याच उरल्या नसतील तर पू धरणार कुठून? न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. सांगणारा उरतो तो फक्त ताप. म्हणून ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास १०१ फॅरनहाइट ताप दिसला, की रिपोर्टची वाट न पाहता तासाभरात अँटिबायोटिक सुरू करतात.

बऱ्याच जणांचा ताप त्यावर उतरतो. पण चार-पाच दिवस झाले, कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही नाही, काउंट तळाशीच आणि ताप हटत नाही, तेव्हा संशय बुरशीवर जातो. कॅन्डिडा नावाची बुरशी अनेकांच्या आतड्यात एरवीही मुक्कामाला असते. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटलं, की तिला रक्तात शिरायला वाट मिळते. अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी हवेतून येते, कुंडीतल्या मातीतून, बांधकामाच्या धुळीतून. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. आपल्या पेशी ते निमूट निकालात काढतात.

खरी अडचण पुराव्याची. कॅन्डिडाचा खोलवरचा संसर्ग असूनही जवळपास निम्म्या वेळा रक्ताच्या कल्चरमध्ये ती उगवत नाही. अ‍ॅस्परजिलस तर क्वचितच. १९८२ साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या डॉक्टरांनी आठवडाभर ताप न हटलेल्या ५० रुग्णांचे तीन गट केले. काहींचं अँटिबायोटिक थांबवलं, काहींचं तसंच चालू ठेवलं, काहींना जोडीला अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध दिलं. नुसत्या अँटिबायोटिकवर राहिलेल्यांमध्ये बुरशीचे संसर्ग जास्त निघाले. पुराव्याआधीच औषध देण्याची रीत पुढे रुळली, ती अशा अभ्यासांमुळे.

औषध मात्र सोपं नाही. अँफोटेरिसिन सापडलं व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूत. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असतं. हे औषध त्याला चिकटून पडद्याला भोकं पाडतं. आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल त्याचं जवळचं भावंड, म्हणून मार आपल्यालाही बसतो, विशेषतः किडनीला. हे पिवळं औषध ग्लुकोजच्या बाटलीतच मिसळावं लागतं, मिठाच्या सलाईनमध्ये गाळ धरतो. उजेड लागू नये म्हणून बाटलीवर काळा कागद गुंडाळलेला. आधी पॅरासिटामॉल देऊनही कित्येकांना अशी हुडहुडी भरते की दोन ब्लँकेटं पुरत नाहीत. पोटॅशियम घसरतं, म्हणून त्याचीही तपासणी रोज.

मग हेच औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, लायपोसोममध्ये, भरण्याची युक्ती आली. १९९९ साली ६८७ रुग्णांवरच्या चाचणीत गुण साधारण सारखाच आला, हुडहुडी आणि किडनीची इजा मात्र कमी. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने लायपोसोमल अँफोटेरिसिनवर मोलाचं काम केलं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या, साथीत याच इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक वणवण फिरले.

आता सिटी स्कॅन आणि रक्तात अ‍ॅस्परजिलसची खूण शोधणारी गॅलॅक्टोमॅनन तपासणी हाताशी आहे. खूण दिसली तरच औषध, असा सावध मार्गही निवडता येतो. मला तो पटतो, पण स्कॅन आणि रिपोर्ट वेळेवर मिळणार असतील तरच. रिपोर्टला चार दिवस लागत असतील, तर थांबणं धोक्याचं.

एक गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायला हवी. काउंट वर येऊ लागले, ताप उतरला, पेशंट जेवू लागला, आणि नेमका त्याच आठवड्यात स्कॅनवरचा फुप्फुसातला डाग मोठा दिसतो. घरच्यांच्या काळजात धस्स होतं. पण पुष्कळदा तो बुरशीचा जोर नसतो. परतलेल्या पांढऱ्या पेशी तिथे कामाला लागलेल्या असतात.