मराठवाड्यातील ऊन आणि त्वचेचा कर्करोग

त्वचेतील पेशींची बेबंद वाढ म्हणजे त्वचेचा कर्करोग. त्याचे मुख्य प्रकार तीन : बेसल सेल, स्क्वॅमस सेल आणि मेलानोमा. पहिले दोन त्वचेच्या वरच्या थरात उगम पावतात, तर मेलानोमा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत. उन्हातील अतिनील किरण हे गोऱ्या कातडीच्या माणसांत या रोगाचे सर्वांत मोठे कारण असून, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली सूर्यकिरणांना निश्चित कर्ककारक ठरवले. मराठवाड्यात ऊन प्रखर आहे आणि दिवसभर रानात राबणारी माणसे लाखोंनी आहेत, तरी हा रोग इथे तुलनेने विरळ. पण तो उशिरा सापडतो, आणि पुष्कळदा जिथे ऊन पोचतच नाही अशा जागी, म्हणजे तळपायाला किंवा जुन्या व्रणात. त्यामुळे उन्हापासून जपणे एक आणि कातडीवर लक्ष ठेवणे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीकडे इथे फार दुर्लक्ष होते.

मराठवाड्याचे आठ जिल्हे साधारण साडेसतरा ते साडेवीस अंश उत्तर अक्षांशांत येतात. म्हणजे सूर्य इथे वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. धाराशिव-लातूरकडे १२-१३ मेच्या सुमारास, तर छत्रपती संभाजीनगरला १९-२० मेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये ढगाआड निघून जाते. घड्याळात बारा वाजतात तेव्हा इथली दुपार अजून माथ्यावर आलेली नसते. भारतीय प्रमाणवेळ मराठवाड्याच्या पूर्वेकडील रेखांशावर बेतलेली असल्याने खरा मध्यान्ह मे महिन्यात सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान होतो. अतिनील किरणांची तीव्रता अतिनील निर्देशांकाने मोजतात. तो ३ किंवा अधिक असेल तर अंग झाकावे, ८ च्या पुढे तो अति तीव्र आणि ११ च्या पुढे टोकाचा मानतात. एप्रिल-मे महिन्यांतील निरभ्र दुपारी मराठवाड्यात तो ११ ला भिडतो किंवा ओलांडतो, आणि थंडीतही भर दुपारी ३ च्या बराच वर राहतो. जवळ यंत्र नसले तरी सावलीवरून अंदाज येतो : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत असे समजावे.

ऊन लागणे आणि अतिनील किरणांची इजा यांत लोक गल्लत करतात. ऊन लागते ते उष्णतेने. कैरीचे पन्हे, ताक, डोक्याला ओला रुमाल, खिशातला कांदा हा सगळा बंदोबस्त उष्माघाताविरुद्ध असतो. अतिनील किरण अंगाला गरम लागत नाहीत. म्हणूनच मृगाच्या सरी पडून हवा गार झाली की खुरपणीला बसलेली माणसे डोक्यावरचे काढून ठेवतात, आणि नेमके त्याच दिवसांत पातळ ढगांतून हे किरण भरपूर उतरत असतात. हिवाळ्यात बांधावर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्यांचेही तेच.

मग रोग विरळ का? याचे उत्तर मेलॅनिन या रंगद्रव्यात आहे. पेशीच्या केंद्रकावर ते टोपीसारखे बसते आणि आतल्या डीएनएपर्यंत किरण पोचू देत नाही. १९७५ साली मांडल्या गेलेल्या फिट्झपॅट्रिक वर्गीकरणात, उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते यावरून, तिचे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा प्रकार धरतात. मराठवाड्यातील बहुतेकांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेवर उन्हाचा परिणाम प्रामुख्याने वांग, काळवंडणे आणि लवकर पडणाऱ्या सुरकुत्या असा दिसतो. खालच्या ओठावर मात्र मेलॅनिन कमी असते आणि ऊन थेट पडते. त्यात तंबाखूची सवय असेल तर तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्यांना मोतीबिंदू आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकणारा मांसाचा पडदा हेही त्रास होतात.

काही माणसांना हे संरक्षण जन्मतःच नसते. केस-कातडी पांढरीफटक आणि डोळे उजेडाला न टिकणारे अशी वर्णहीन मुले गावोगावी एखाद-दुसरी आढळतात. उपजत दोष दोन्ही पालकांकडून आला तरच हा विकार होतो, त्यामुळे मामा-भाची किंवा मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घराण्यांत त्याची शक्यता वाढते. झेरोडर्मा पिगमेंटोझम हा त्याहून दुर्मीळ विकार. किरणांनी बिघडलेला डीएनए यात दुरुस्तच होत नाही. तान्हेपणीच तोंडावर ठिपके उमटतात आणि शाळकरी वयातही कर्करोग होऊ शकतो. १८७४ साली मोरिट्झ कापोशी याने या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ही दुरुस्ती कशी चालते याचा उलगडा करणाऱ्या अझीझ सांजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा मुलांना प्रार्थनेला मैदानात उभे करू नये, मैदानी तासाला सावलीत बसू द्यावे. शाळेने एवढे पाळले तरी त्यांच्या पुढच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. कोडाचे डाग उन्हात लवकर भाजतात, पण कोडामुळे कर्करोगाचा धोका वाढत नाही; हे ठासून सांगणे गरजेचे आहे, कारण कोड असलेल्यांना आधीच पुष्कळ भीती घातली जाते.

सावळ्या त्वचेतील कर्करोगाच्या दोन वाटा उन्हाशी संबंधित नाहीत. एक जुन्या व्रणाची. चुलीवर किंवा स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली जागा, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायावरची जखम, वर्षानुवर्षे वाहणारे नासूर यांत वीस-तीस वर्षांनीही स्क्वॅमस सेल कर्करोग उद्भवू शकतो. झ्याँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ साली अशा व्रणांचे वर्णन केले म्हणून त्यांना मार्जोलिन व्रण म्हणतात. भाजल्याच्या वणावर कडा उचललेली, सहज रक्त येणारी, वास मारणारी जखम झाली तर मलमाचे प्रयोग थांबवून दवाखाना गाठावा.

दुसरी वाट तळपाय, तळहात आणि नखांखालच्या मेलानोमाची, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेत रानात फिरणाऱ्याच्या तळव्यावर काळा ठिपका दिसला तर बाभळीचा काटा मोडून राहिला असे कोणीही समजते. मग सुईने कोरणे, कुरूप म्हणून पात्याने कापणे, वर बिब्ब्याचा चटका देणे हे क्रमाने होते. तिथे चिघळलेली जखम पुन्हा काट्याच्याच खाती पडते, आणि जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आल्यावर माणूस डॉक्टरकडे जातो. तोवर रोग गाठींपर्यंत पोचलेला असू शकतो. काट्याची जागा दाबल्यावर दुखते आणि काटा निघाला की काही दिवसांत भरून येते. मेलानोमाचा ठिपका मात्र बहुधा दुखत नाही, महिन्यागणिक पसरतो, त्याची कड वेडीवाकडी असते आणि रंग एकसारखा नसतो. नखात उभी काळी रेघ रुंदावत जाऊन नखाभोवतीच्या कातडीवर काळेपणा उतरला, तर वाट पाहू नये.

उन्हापासून जपण्याची इथली साधने उत्तम आहेत. कापूस वेचणारी किंवा ऊस तोडणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोके-कान रुमालाने आवळून घेते. बोंडांचे टोचणे आणि उसाच्या पानांचे कापणे टाळण्यासाठी केलेला हा पेहराव किरणही अडवतो. पटका आणि कान-मान झाकून बांधलेली दस्ती यांचे काम गांधी टोपीला किंवा क्रिकेटच्या टोपीला जमत नाही, कारण या दोहोंत कान आणि मान उघडी राहतात. कापड दाट विणीचे आणि शक्यतो गडद असावे. पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरेच किरण आत येतात, ओले झाले तर आणखी. पहाटे औत धरून ऊन चढायच्या आत सोडण्याची जुनी रीतही याच कामी येते. सावली हवी तर लिंब, चिंच किंवा आंब्याची. बाभळीची सावली विरळ असते, आणि आकाशातून विखुरलेले किरण कोणत्याही सावलीत थोडेफार येतातच.

एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा अंक) ३० चे सनस्क्रीन जाड थरात लावले तर त्वचा भाजणाऱ्या अतिनील बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, पण दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर ते पुन्हा लावावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाला तो खर्च पेलणारा नाही, आणि सावळ्या त्वचेला कर्करोग टाळण्यासाठी त्याची निकडही नाही. वर्णहीन मुलांसाठी मात्र ते औषध आहे, आणि सरकारी दवाखान्यातून ते औषधासारखेच मिळायला हवे.

शंका आल्यास छोटा तुकडा काढून तपासतात. चाकू लागला की कर्करोग पसरतो हा समज खोटा आहे. पसरतो तो थांबून राहिल्याने. बेसल सेलची गाठ नाकाशेजारी किंवा पापणीवर तिळासारखी काळसर दिसते. ती लवकर काढली तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, शिवाय संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या बार्शीत १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, आणि तिच्या कक्षेत परंडा व भूम हे मराठवाड्यातले तालुकेही येतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळतो. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवावे.