मिरी काळी का? मध्ययुगीन युरोपचं उत्तर

मिरीचा दाणा काळा आणि सुरकुतलेला का असतो? सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप इसिडोर यांनी आपल्या कोशात याचं उत्तर लिहिलं. मिरीच्या रानाची राखण साप करतात; पीक काढण्यासाठी लोक रान पेटवतात, साप पळून जातात आणि मुळात पांढरी असलेली मिरी आगीने काळी पडते. पुढे कित्येक शतकं ही हकिकत एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत राहिली.

तिला भाकडकथा म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. युरोपात वेल कुणी पाहिला नव्हता. हातात होता तो सुकलेला, जिभेला पोळणारा दाणा आणि त्याची जबर किंमत. त्या काळच्या वैद्यकात मिरी अत्यंत उष्ण आणि कोरड्या गुणाची मानली जाई. दाणा जळल्यासारखा दिसतो, म्हणून आग. महाग आहे, म्हणून साप. जे दिसत होतं त्यावरून बांधलेला हा तर्क होता, फक्त तो पडताळून पाहायची सोय नव्हती.

तेराव्या शतकात फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर इजिप्तला गेलेल्या ज्वांव्हीलने तर लिहून ठेवलं, की रात्री नाईलमध्ये टाकलेल्या जाळ्यांत सकाळी आलं आणि दालचिनी सापडते. स्वर्गीय उद्यानातली झाडं वाऱ्याने मोडून नदीत वाहत येतात. त्याच शतकातल्या बार्थोलोम्यूस या कोशकाराला मात्र दालचिनीबद्दलच्या अशा गोष्टींचा संशय आला: भाव चढवण्यासाठी विक्रेत्यांनीच त्या रचल्या असाव्यात.

खरा पडताळा आपल्याकडे झाला. १३२१च्या सुमारास ठाणे-सोपारा भागात वावरलेला, पुढे केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमला गेलेला धर्मप्रचारक जॉर्डेनस याने स्पष्ट लिहिलं: मिरी झाडावर चढणाऱ्या वेलीला द्राक्षांसारखी लागते, आधी हिरवी असते, मग काळी पडून सुरकुतते. तिला आग लावतात हे खोटं. कोकणात पोफळीवर चढलेला मिरवेल पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन लगेच पटेल. काळेपणाचं कारण मात्र त्यालाही कळणं शक्य नव्हतं. पुरते न पिकलेले हिरवे दाणे खुडून वाळवले की सालीतल्या पेशी फुटतात, त्यांतली विकरं (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने फिनॉल वर्गातल्या द्रव्यांवर काम करतात आणि साल काळवंडते. कापलेलं सफरचंद तपकिरी होतं ते याच जातीच्या क्रियेने. पांढरी मिरी म्हणजे पिकलेल्या दाण्यांची साल काढून उरलेली बी. तिखटपणा मिरीतल्या पायपेरिन या द्रव्याचा, आगीचा त्यात काही संबंध नाही.

साप नाहीत, आग नाही, तर मग मिरी महाग का? मलबारहून तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रिया आणि तिथून व्हेनिस, असा तिचा एक मोठा मार्ग होता आणि वाटेत ठिकठिकाणी जकात व नफा चढत जाई. मूळ गावी मिरीला तोटा नव्हता. मार्को पोलो सांगतो, की अलेक्झांड्रियाला मिरीचं एक जहाज जातं, तेव्हा चीनच्या झैतून बंदरात शंभर उतरतात.